उघडी राहिलेली खिडकी

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी शिडीवर होते, आणि त्याने बेल न वाजवता सरळ शिडीच धरली. "पडलात तर माझं काम लांबेल," म्हणाला. असला आगाऊपणा मला एरवी खपत नाही... त्या दिवशी खपला.

बाबांनी जन्मात विडी ओढली नव्हती, तरी छाती पोखरत चालली होती. डॉक्टर म्हणाले, घरातला रेडॉन तपासून घ्या. त्याच मोजणीसाठी तो आलेला. बाबा गवंडी. खाणीतल्या ग्रॅनाइटने हे घर त्यांनी स्वतः उभारलेलं. बाहेरची खोली तेवढी विटांची.

"दगडातून वायू निघतो. रंग नाही, वास नाही, बंद खोलीत साचतो," बाबांच्या खोलीतल्या फळीवर मोजणीची डबी ठेवत तो म्हणाला. "आठ दिवस खिडकी बंद हवी."

"उघडली तर?"

"मोजणी फुकट. मग दोन महिन्यांनी, पुढच्या फेरीला, मला पुन्हा सहन करा."

सातव्या दिवशी मी खिडकी उघडली. मुद्दाम.

"उघडी राहिली," तो आल्यावर मी म्हटलं. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. "दुसऱ्यांदा?" तो माझ्याकडे बघतच राहिला, आणि मी लाजले. लाज वाटायला हवी होती, पण ती वेगळी.

तिसऱ्या वेळी बाबांना उठून बसताही येत नव्हतं. खिडकी बंदच ठेवली. आकडा आला, मर्यादेच्या सहापट.

"भिंतींतूनच येतोय," तो म्हणाला. "आजच त्यांना विटांच्या खोलीत हलवा."

"खिडकी मी उघडत होते," मी म्हणाले. "तू परत यावास म्हणून."

त्याने डबी पिशवीत टाकली. "ओळखलं होतं मी. पहिल्याच दिवशी दगड बघून सांगायला हवं होतं, यांना इथे झोपवू नका म्हणून. नाही सांगितलं... मलाही यायचंच होतं."

डॉक्टर म्हणतात, दुखणं वर्षानुवर्षांचं, चार महिन्यांनी फरक पडला नसता. मला ते पटत नाही.

आम्ही दोघांनी बाबांना पलंगासकट उचललं. "माझ्या भिंतींना काय झालंय?" त्यांनी विचारलं. आम्ही पलंग दारातून बाहेर काढला. बाहेरच्या खोलीत त्यांचा डोळा लागला.

"माझ्यावर प्रेम आहे ना?" त्याने हळूच विचारलं.

"आहे. खूप आहे. म्हणूनच आता येऊ नकोस... तू दिसलास की मला आनंद होतो, आणि बाबांसमोर तो मला सोसत नाही."

त्याने बाबांच्या पायांवरची चादर नीट केली आणि तो गेला.