माहा फोटो राह्यला

या, असे जवळ सरका. मधेच लाइट आली तरी बटण दाबू नका. काही गोष्टी अंधारातच बऱ्या सांगता येतात.

गोपाल माझ्या पाहण्यातला माणूस. आर्वीला एसटी डेपोजवळ त्याचा फोटो स्टुडिओ होता. तुमच्या आईबापांच्या लग्नाचे अल्बम काढून पाहा, मागे त्याचाच शिक्का निघेल. थापा मारणं त्याच्या स्वभावात नाही. मुळात बोलणंच कमी. मलाही त्यानं हे एकदाच सांगितलं आणि वर म्हणाला, "काका, खरं का खोटं ते मले नका विचारू. झालं ते सांगतलं."

दोन हजार सहा साल होतं. रोलचे दिवस भरत आले होते. शहरात डिजिटल कॅमेरे आले होते, पण आपल्या खेड्यापाड्यांत अजून रोलच चालायचा. अडचण अशी, की रोल वर्ध्याच्या लॅबमध्ये पाठवा, धुवा, सगळ्याच्या सगळ्या प्रिंटा काढा, हे गरिबाला झेपत नसे. निम्मे फोटो हललेले निघत आणि पैसे मात्र सगळ्यांचे. गोपालनं त्यावर तोड काढली. नागपुरातून त्यानं एक जुना स्कॅनर आणला. झाकणात दिवा असलेला. निगेटिव्हची पट्टी ठेवली की फोटो कॉम्प्युटरवर दिसायचा. वर्ध्याहून रोल नुसता धुवून आणायचा, फोटो पडद्यावर गिऱ्हाइकाला दाखवायचे, आवडेल तेवढ्याचीच प्रिंट काढायची, बाकीचे सीडीत भरून द्यायचे. काम स्वस्तात व्हायचं. बातमी पसरली. कोणी पेटीतले, कोणी कपाटातले विसरलेले रोल घेऊन येऊ लागले.

पण लाइन होती कुठं? आठवतं ना ते भारनियमन? दिवस दिवस लाइट नाही. यायची ती रात्री, शेतात मोटारी सुरू व्हायच्या वेळेला. मग गोपाल दिवसा दुकान सांभाळी, संध्याकाळी लग्नाचे फोटो काढी आणि रात्री स्कॅनरपुढे बसे. दोन महिन्यांत माणूस असा झाला, की खांबाला टेकला तर उभ्या उभ्या झोपेल. त्याची बायको शोभा म्हणायची, "जग दिवसा जगते, तुमी रातीचे काऊन जगून राह्यले?" तो म्हणे, "लाइनले विचार."

अशा दिवसांत एका दुपारी जयवंताबाई आली. पुलगाव रोडवरच्या एका खेड्यातली शेतकरीण. कापडी पिशवीतून तिनं एक साधा कॅमेरा काढून गोपालपुढे ठेवला.

"याच्यात रोल हाय, भाऊ. माह्या पोराचा कॅमेरा. पाय बरं, त्याचा एखादा फोटो निंगते काय."

"पोरगा कुठं आहे, मावशी?"

बाईनं रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"दिवाळीच्या आंधी गेला. धीरज. राती लाइन आली म्हनून कपाशीले पानी द्याले गेलता... अंधारात पान लागलं."

पान लागलं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. रात्री त्या जनावराचं नाव घेऊ नये.

"घरात त्याचा एकबी फोटो नाई," ती म्हणाली. "साऱ्या गावाचे काढले त्यानं. त्याचा कोनी काढला नाई. लहानपणचा एक होता, तो पुराच्या पान्यात गेला. माघात पोरीचं, मयुरीचं लग्न हाय. पोट्टी म्हन्ते, भावाच्या पाया पडल्याशिवाय मी मांडवात उभी नाई राहत. मले तं आता... मले तं आता त्याचं तोंडबी नीट नाई आठवत, भाऊ. आठवाले गेली का तेच दिसते, शेवटलं. सुजलेलं."

गोपालनं कॅमेरा हातात घेतला. रोल पुरा झाला नव्हता, एक फोटो बाकी होता. त्यानं रोल गुंडाळून काढून घेतला. "कॅमेरा राहू द्या इथंच, मावशी. फोटोसंगंच घेऊन जाजा."

आठवड्यात वर्ध्याहून रोल धुवून आला. पण लग्नसराईच्या गर्दीत तो टेबलावर तसाच पडून राहिला. शेवटी गोपालनं तो हातात घेतला त्या दिवशी मंगळवार होता. डिसेंबरातला. मार्गशीर्षाची अमावास्या दुसऱ्या दिवशी लागायची होती.

लाइन आली तेव्हा साडेअकरा झाले होते. मागे घरात बायको आणि लेकरं गाढ झोपलेली. गोपालनं स्टुडिओचं शटर अर्धं ओढून घेतलं, चहाचा कप बाजूला ठेवला आणि पहिली पट्टी स्कॅनरवर लावली. घुर्रर्र करत दिवा सरकला. पडद्यावर एक म्हातारा उमटला. खुर्चीवर बसलेला, मागे निळं दार. मग तीच खुर्ची, तेच दार आणि दोन पोरी. मग एक बाई, मांडीवर बाळ. मग शेळी धरलेला माणूस. धीरजनं सगळं गाव त्या एका खुर्चीवर बसवलं होतं.

आणि धीरज? तो कुठंच नव्हता.

होती ती फक्त त्याची सावली. ऊन पाठीवर घेऊन फोटो काढायचा पोरगा, त्यामुळे प्रत्येक फोटोत खाली अंगणात त्याची सावली पडलेली. उंच, काटकुळी. कान बाहेर आलेले. कॅमेरा डोळ्याला लावल्यानं दोन्ही कोपर दोन बाजूंना वर. गोपाल मनात म्हणाला, बाईला आता काय ही सावली दाखवू?

तो एकेक पट्टी पुढे लावत गेला. डोळे मिटत होते. आधी त्याच्या ध्यानातच आलं नाही.

सावली वाढत होती.

पहिल्या फोटोंत ती खुर्चीच्या अलीकडेच संपत होती. पुढे खुर्चीच्या पायांशी टेकली. मग बसलेल्याच्या गुडघ्यावर आली. गोपालला वाटलं, संध्याकाळ होत गेली असेल, सावली लांबणारच. पण ऊन तर तसंच होतं, दुपारचं, पांढरं.

शेवटची पट्टी. शेवटून दुसरा फोटो जयवंताबाईचा होता. खुर्चीवर अंग चोरून बसलेली, डोक्यावर पदर. सावली तिच्या छातीपर्यंत चढली होती.

गोपालनं फोटो मोठा केला. त्याचा हात माउसवरच थांबला.

सावलीचे कोपर वर नव्हते. दोन्ही हात खाली लोंबत होते. सरळ. थकल्यासारखे.

मग हा फोटो... काढला कोणी?

त्यानं पट्टी उचलून दिव्यासमोर धरली. जयवंताबाईच्या फोटोपुढचं, पट्टीतलं शेवटचं घर कोरं होतं. तिथं काहीच नव्हतं.

बाहेर एक कुत्रं केकाटलं. आणि एकदम गप्प झालं.

"भाऊ..."

आवाज शटरच्या खालून आला.

"भाऊ, लाइन आली काय?"

गोपाल म्हणतो, त्या क्षणी भीती वाटलीच नाही. दिवसभर हाच प्रश्न दहा जण विचारत. झोपेच्या गुंगीत त्यानं उत्तर दिलं, "आली. कवाचीच आली."

शटरखालून वाकून एक पोरगा आत आला. विशी-बाविशीचा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर दुपट्टा, हातात बॅटरी. पाय चिखलानं भरलेले. इतक्या थंडीत पायातून पाणी निथळत होतं. तो कोणाकडे न पाहता सरळ आत गेला आणि फोटोच्या स्टुलावर बसला. निळ्या पडद्यापुढे. जड ओझं खाली ठेवल्यासारखा.

"लय थकलो, भाऊ," तो म्हणाला. "रातभर पानी देऊन राह्यलो. संपतच नाई."

गोपाल त्याच्याकडे पाहत राहिला. उंच, काटकुळा. कान बाहेर आलेले.

स्टुडिओचे दोन्ही दिवे चालू होते. फोटोवाल्याची सारी हयात पडद्यावर पडणारी सावली घालवण्यात जाते. दिवा इकडे सरकव, तिकडे सरकव, कुठंतरी पडतेच.

या पोराची सावली पडद्यावर नव्हती.

भिंतीवर नव्हती. जमिनीवर नव्हती. कुठंच...

गोपालला उठायचं होतं. बायकोला हाक मारायची होती.

"सगळ्याईचे काढले," पोरगा म्हणाला. "माहा राह्यला."

...

"काढता काय, भाऊ?"

टेबलावर जयवंताबाईचा कॅमेरा होता. गोपालचा हात आपोआप त्यावर गेला. "याच्यात... याच्यात रोल नाई, बाबू," तो कसंबसं बोलला.

पोरानं ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं. त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. केसांवरून हात फिरवला. दोन्ही तळवे मांडीवर ठेवले, जसं त्यानं गावातल्या सगळ्यांना बसवलं होतं तसंच. आणि समोर पाहिलं.

गोपाल सांगतो, त्या डोळ्यांत वाईट काही नव्हतं. राग नव्हता. नुसता शीण. किती रात्रींचा कोण जाणे. आणि तो शीण गोपालला ओळखीचा होता.

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. बटण दाबलं.

रिकाम्या कॅमेऱ्याचा फ्लॅश लखकन पडला.

आणि लाइन गेली.

काळोख. पंख्यासारखा घुरघुरणारा कॉम्प्युटर बंद. शांतता... काळोखात कुणीतरी लांब श्वास सोडला. खूप वेळ अडवून धरलेला.

मग काही नाही.

सकाळी शोभाला नवरा खुर्चीतच सापडला. कॅमेरा छातीशी धरलेला, अंगात ताप. स्टुलाखाली काळ्या मातीचा ओला चिखल होता. शोभा करवादली, "कोन आलतं पाय धुतल्याबिगर?" आणि तिनं तो पुसून टाकला.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. रात्री लाइन आल्यावर गोपालनं धीर करून ती शेवटची पट्टी पुन्हा दिव्यापुढे धरली. कोऱ्या घरात फोटो होता. निळा पडदा, स्टूल, मांडीवर तळवे. डोळे उघडे, सरळ समोर पाहणारे.

त्यानं एकच प्रिंट काढली, चौकट करून घेतली आणि स्वतः एसटीनं गावात नेऊन दिली. जयवंताबाईनं पदरानं काच पुसली. बराच वेळ पाहिलं. तोंडावरून बोट फिरवलं. कपाळ, नाक, हनुवटी. मग मागचा पडदा पाहिला. त्या स्टुडिओत ती स्वतः बसून आली होती. तो पडदा तिनं पाहिलेला होता.

गोपालला वाटलं, आता विचारेल. कधी काढला? कसा काढला? काय सांगायचं ते त्यानं एसटीत जुळवूनही ठेवलं होतं.

बाईनं मान वर केली नाही. हळूच विचारलं, "काही बोलला काय?"

जुळवलेलं सगळं गोपाल विसरला. "लाइन आली काय म्हने," तो म्हणाला. "आन् लय थकलो म्हने."

बाईनं मान हलवली. "जेवला नव्हता त्या राती. आल्यावर जेवतो म्हने." एवढंच बोलली आणि चहा ठेवायला आत गेली.

माघात मयुरीचं लग्न झालं. फोटो काढायला गोपालच होता, जुन्या सवयीनं रोलवर. मांडवात पाटावर धीरजचा फोटो ठेवला होता. मयुरी पाया पडली, ढसाढसा रडली. पंगत बसायच्या आधी जयवंताबाईनं पहिलं ताट वाढून त्या फोटोपुढे ठेवलं. वरण-भात, भाजी, बुंदी. गोपालनं तेही टिपलं. ताट ठेवतानाचा एक, ठेवून झाल्यावरचा एक.

रोल धुवून आला. रात्री स्कॅनर लावला. पहिल्या फोटोत बाई ताट घेऊन वाकलेली, मागे चौकटीत धीरज समोर पाहतोय. गोपालनं पुढचा फोटो उघडला, मोठा केला आणि तसाच उठून उभा राहिला.

जुनी निगेटिव्ह त्याच्याजवळच होती. ती दिव्यापुढे धरून पाहिली. तिच्यात डोळे उघडेच होते. आजही उघडेच आहेत. मला त्यानं दाखवली.

सकाळच्या पहिल्या एसटीनं तो गावात गेला. दार उघडंच होतं. समोरच्या भिंतीवर तीच चौकट. तीच प्रिंट, त्यानं स्वतः काढलेली. तेच तळवे मांडीवर. तोच पडदा.

डोळे मिटलेले होते. मान किंचित एका बाजूला कललेली.

गोपालनं बोलायला तोंड उघडलं. चुलीपाशी बसलेल्या जयवंताबाईनं घाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, भाऊ," ती म्हणाली.