बायपासखालची खुंटी

खोटं वाटलं तर वाटू द्या. मी हे कोणाकडून ऐकलेलं नाही, माझ्या डोळ्यांदेखत घडलं आहे.

१९८४ चा जेठ महिना. भर दुपार. तुमसरचा रस्ता तेव्हा आमच्या गावातूनच जायचा. धानाचे ट्रक घरांना घासत जात, म्हणून गावाबाहेरून बायपास निघाला. माझे यजमान भोजराज त्यावर रोलर चालवत.

त्या दिवशी गावबांधणी होती. रोगराई आत येऊ नये म्हणून पुजारी गावाच्या चारही कोपऱ्यांवर बाभळीची खुंटी ठोकतो. ते होईपर्यंत चूल पेटत नाही, कोणी कामाला जात नाही.

"आज नोका जाऊ," मी म्हटलं.

"पावसाचं पाणी तोंडावर आलं. मुकादम सोडन का मले?"

हट्टी माणूस. गेलेच. मीही चिडून मागं गेले.

चौथा कोपरा नेमका बायपासमध्ये गेला होता. डोमा पुजाऱ्यानं नव्या मुरमातच खुंटी ठोकली.

"भोजराज, गावाची खुंटी आहे. बाजूनं ने बापा."

यांनी रोलर तिच्यावरूनच नेला.

कट्...

रोलर बंद पडला. पाखरंही गप्प झाली.

मग रस्त्याखालून आवाज आला...

ठक्.

यांचा गुडघा उलटा मोडला. डोमाची खुंटी ठोकायची लाकडी मोगरी तर खाली पडलेली होती.

ठक्...

खांदा फुटला. हे रोलरवरून कोसळले, खुंटीच्याच जागी. मी धावले, बगलेत हात घालून ओढलं. तसूभर हलेनात.

"रुखमे, सोडव मले..."

डोमा रडत कुदळीनं मुरूम उकरू लागला.

ठक्...

हा घाव डोक्यावर बसला. रक्त माझ्या तोंडात उडालं. त्याची चव अजून गेलेली नाही.

हातभर खणलं. खुंटी सापडली नाही. तिचा चुराही नाही.

यांना तिथून कोणालाच हलवता आलं नाही. त्यांच्यावरूनच बायपास झाला. आता गावबांधणीला तीनच कोपऱ्यांवर खुंटी ठोकतात. चौथ्यावर नुसता नारळ फोडतात.

"इथं खुंटी काहून नाही?" मी डोमाला विचारलं.

त्यानं मान खाली घातली. "इथं तं भोजराज आहे ना, बाई."

तेव्हापासून गावात साथ आली नाही. सगळे खूश आहेत. माझा माणूस त्या डांबराखाली खिळून पडलाय, त्याचं कोणाला काही नाही. माझा जीव जळतो.

गेल्या जेठात मी कुदळ घेऊन निघाले. म्हटलं, यांना सोडवूनच आणते.

बायपासवर पोचले, तर अख्खं गाव रस्त्यात आडवं उभं होतं. माझा सख्खा दीरही. त्यानंच माझ्या हातातली कुदळ काढून घेतली.

मी परत आले. दारात बसते, पण त्या बाजूला बघवत नाही.