मीरसाहेबांचा खाका

कुराणावर हात ठेवून सांगते, हे आमच्या घरात घडलंय. दिल्लीत, बल्लीमारान गल्लीत. रमजानचा महिना होता, असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज नुकतीच झाली होती. चांगला लख्ख उजेड होता, म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

मी फुफीकडे, म्हणजे माझ्या आत्याकडे वाढले. तिचे यजमान, म्हणजे माझे फुफा, मीर नवाजिश अली किल्ल्यात चोबदार होते. बादशहा नावाला, हुकूम गोऱ्या साहेबाचा. त्या साहेबाला दरबारी माणसांच्या तसबिरी हव्या होत्या. उस्ताद मुरादबख्श यांनी फुफांची तसबीर काढली. हातात काठी, मागे नुसता पांढरा कागद.

"अहो, तुम्हाला अधांतरी उभं केलंय की," फुफी हसली.

"साहेबाला आम्ही हवे आहोत. भिंती त्याच्याकडे पुष्कळ आहेत," फुफा ऐटीत म्हणाले.

मग साहेबाला नकला हव्या झाल्या, विलायतेतल्या भाऊबंदांसाठी. उस्तादांनी खाका केला. आकृतीच्या कडेनं सुईनं भोकं पाडलेला कागद. त्यावर कोळशाच्या पुडीची पोटली थोपटली की खालच्या कागदावर तोच माणूस ठिपक्यांनी उमटतो.

त्या दिवशी फुफी इफ्तारसाठी दहीबडे करत होती.

थप... थप... थप...

"कोण थोपटतंय गं, रुकय्या?"

कुणीच नव्हतं. फुफा काठी टेकत अंगणातून आले...

काठी फरशीवर टेकत होती. मी बघत होते.

आवाज नव्हता.

पुन्हा थपथप झाली, तेव्हा त्यांच्या पावलांचा आवाज गेला. मग खोकला. मग बोलणं. ओठ हलायचे, फुफी ओठांकडे बघत बसायची. मानेवर, मनगटावर बारीक काळे ठिपके यायचे. पुसले तरी पुन्हा यायचे.

फुफी मला घेऊन उस्तादांकडे धावली.

"हात जोडते, तो खाका फाडून टाका."

"फाडला असता, बेगम. साहेबानं तो कलकत्त्याला नेला. तिथं कारागीर स्वस्त मिळतात म्हणे." उस्तादांनी मान खाली घातली. "मी दोनच नकला केल्या होत्या."

आम्ही घरी आलो.

फुफांचा पलंग रिकामा होता...

चादरीवर काळे ठिपके. पगडी, खांदे, काठी, सगळ्या कडा जागच्या जागी. मधे नुसती पांढरी चादर.

किल्ला, मशिदी, विहिरी, सगळीकडे शोधलं. ते मिळाले नाहीत. काजींनी विचारलं, मेले म्हणायचं की हरवले? फुफीला सांगता येईना.

थपथप अजून येते. कधी महिनाभर नाही, कधी रोज.

फुफी आता थकलीय. परवा तिनं बांगड्या उतरवून माझ्या ओटीत ठेवल्या.

"मी मेल्यावर ते तिकडे भेटतील का गं? की कुणाच्या तरी भिंतीवरच राहतील?"

खूप रडू आलं.

तेवढ्यात...

थप... थप...

फुफीनं गुपचूप बांगड्या उचलल्या आणि पुन्हा हातात घातल्या.