एकाच पोटातलं विरजण

त्या सकाळी कुमुद कोरेच्या ओट्यावर सात डबे होते. तीन आंबिलीचे, दोन नाचणीच्या भाकरीचे, एक वाफवलेल्या चवळीचा आणि एक भोपळ्याच्या बिनतिखट भाजीचा. सातही डबे सात घरांतून आले होते आणि त्यांतल्या एकाही घराशी कुमुदचं रक्ताचं नातं नव्हतं. नातं होतं ते पोटाचं.

२०४१च्या तापाच्या साथीनंतर मिरजेच्या आसपास ‘स्वयंघात’ हा नवाच रोग दिसू लागला होता. शरीराचं संरक्षक दल घरच्यांनाच चोर समजायचं आणि स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडायचं. आधी पाय जात, मग हात, शेवटी श्वास. ताप येऊनही धडधाकट राहिलेल्यांची तपासणी करत डॉ. रेहाना मुजावर शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कुमुदपर्यंत पोचली, आणि तिच्या आतड्यात तिला एक अनोळखी जिवाणू सापडला. तो एक द्रव्य तयार करी. ते रक्तात उतरलं, की त्या बिथरलेल्या दलाला घरचे कोण आणि परके कोण, हे पुन्हा उमजू लागे. रेहानानं जिवाणूचं नाव ठेवलं ‘शमिका’, म्हणजे शमवणारी. कुमुदच्या विष्ठेतून शमिका वेगळी काढून तिच्या कॅप्सूल बनत. दर आठवड्याला एक, अशा एकोणीस माणसांना.

त्या एकोणिसांत कुमुदची विधवा नणंद इंदुमतीही होती. एकाच घरात राहणारी, आणि बारा महिने खाटेवर काढून पुन्हा चालू लागलेली.

पहिली कॅप्सूल गिळताना ती म्हणाली होती, “जन्मभर हिला बोलले, माझ्या भावाच्या घरात घाण केलीस म्हणून. देवानं बरोब्बर ऐकलं बघ!”

दोघी तेव्हा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. पण शमिका नाजूक होती. तिला जे मानवे तेच कुमुदनं खायचं. उपास करायचा नाही, तिखट नाही, लसूण नाही, परगावी मुक्काम नाही. लेकीचं बाळंतपण नागपूरला झालं, ते कुमुदनं पडद्यावर पाहिलं. प्रतिजैविकं, म्हणजे जंतू मारणारी औषधं, तर तिला वर्ज्यच. तिच्या नावावर तसली गोळी कुठल्याही दुकानात रेहानाच्या उपचार केंद्राच्या परवानगीशिवाय मिळत नसे. दाढ ठणकली, की औषध न देता दाढच काढत. अशा पाच दाढा गेल्या होत्या. लोक रस्त्यात पाया पडत. कुणी वाईट वागलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

आज मात्र सात डबे तसेच पडले होते. डाव्या कुशीत कळ होती आणि थंडीनं दात वाजत होते. रेहाना आदल्या दिवशीच्या तपासणीचा निकाल घेऊन आली.

“डाव्या मूत्रपिंडात जंतू शिरलेत, मावशी. नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. एकच औषध चालेल.”

“मग दे की.”

“त्यानं शमिकाही मरेल.”

“शिरेतून दे. पोटात कशाला जाईल?”

“जातं. रक्तातून यकृतात, यकृतातून पित्तात, आणि पित्त उतरतं आतड्यात.”

कुमुद उशीला टेकून विचार करू लागली. तिनं जन्मभर शंभर-शंभर पोरांना शिजवून घातलं होतं. अडलं की मार्ग काढायची तिला सवय होती.

“मरू दे मग. वन्संच्या पोटात आहे की. माझा ताप उतरला, की त्यातलीच मला परत दे. विरजण संपलं तर शेजारणीकडून आणतोच ना आपण?”

“तेच तर लागत नाही. दुसऱ्याच्या पोटात ती जाते, काम करते आणि आठवड्यात मरते. वाढत नाही. दही होतं, पण त्या दह्याचं पुन्हा विरजण लागत नाही. मी गोठवून पाहिली, काचपात्रात वाढवून पाहिली. जागीच होत नाही.”

“माझ्याच पोटात असं काय आहे गं?”

“ते कळलं असतं तर इतकी वर्षं तुम्हाला अशी अडकवून ठेवली असती का?”

कुमुदनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. “नाही घेतलं औषध, तर?”

“शरीर कधीकधी आपणहून झुंजतं. पण मूत्रपिंड जाऊ शकतं. दहातले तीन जण दगावतात.”

“आणि घेतलं तर? त्या एकोणिसांतले किती?”

“महिना-दोन महिन्यांत... बहुतेक सगळे.”

“तू काय म्हणतेस?”

“तुमची डॉक्टर म्हणून सांगते, घ्या.”

“आणि त्यांची डॉक्टर म्हणून?”

रेहाना पिशवीची चेन उघडत आणि लावत राहिली.

आतल्या खोलीतून काठी टेकत इंदुमती आली. सगळं तिनं ऐकलं होतं. कुमुदनं मान फिरवली नाही. मनातल्या मनात ती वाट पाहत होती. म्हातारी रडेल, पदर पसरेल, नाहीतर नेहमीसारखी फटकारेल, ‘आमच्या घरचं मीठ खाल्लंस’ म्हणून. एवढं झालं असतं, की कुमुद उठून बसली असती आणि म्हणाली असती, “टोच सुई!” तीस वर्षांचं उत्तर ओठांवर तयार होतं.

“घे गं औषध,” इंदुमती म्हणाली. “मी सत्तर पार केली. माझ्यापायी कुढत बसू नकोस.”

“वन्सं...”

“त्या बाकीच्यांना मी सांगते. मला कोण काय बोलतंय?” असं म्हणत ती खाटेच्या कडेला बसली आणि तिनं कुमुदचे गार पाय आपल्या मांडीवर घेऊन चोळायला सुरुवात केली. बोटं अजून नीट वळत नव्हती, तरी चोळत राहिली.

कुमुद त्या वाकड्या बोटांकडे पाहत राहिली. दार उघडलं होतं. पण ज्या बाईनं ते उघडलं, तिलाच ओलांडून बाहेर जायचं होतं.

“नको,” ती रेहानाला म्हणाली.

“मावशी, नीट विचार करा.”

“केला. ताप उतरायचं काय ते दे, सलाईन लाव. ते दुसरं नको.”

“मी जबरदस्ती करू शकत नाही,” रेहाना म्हणाली. तिचे खांदे मात्र किंचित सैल झाले. ते कुमुदला दिसलं.

“अगं मूर्ख आहेस का तू?” इंदुमती ओरडली. “मी घे म्हणतेय ना!”

“म्हणूनच तर अडलंय, वन्सं. तुम्ही नको म्हणाला असतात तर घेतलं असतं.”

संध्याकाळपर्यंत बातमी एकोणीस घरांत पोचली. माणसं अंगणात येऊन बसली. कुणी विनवणी केली नाही. कुणी आभारही मानले नाहीत. एका बाईनं गरम पाण्याची पिशवी आत पाठवली. एकानं पंखा दुरुस्त केला. आत कुमुद तापात बरळत होती. बाहेर कुणी खोकलं, की बाकीचे त्याला गप्प करत.

पाचव्या दिवशी ताप उतरला. रेहानानं रक्त, लघवी आणि विष्ठा तिन्ही तपासायला नेली आणि दोन्ही मूत्रपिंडांचं स्कॅनही करून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती आली, खाटेशेजारी स्टुलावर बसली आणि कुमुदच्या सांगण्यावरून तिनं अहवाल मोठ्यानं वाचला.

“शमिका, दर ग्रॅमला अकरा कोटी, पूर्वीइतकीच. डावं मूत्रपिंड, कार्य चार टक्के. उजवं मूत्रपिंड, तेच जंतू आढळले. कार्य एकसष्ट टक्के.”