खापरं आणि दाढा

तो माझ्या खुर्चीत आडवा झाला तेव्हा त्याच्या नखांत माती होती आणि उजवा गाल टम्म सुजला होता. मी दातांची डॉक्टर. सुजलेले गाल रोजच बघते. पण टेबलावरचं माझं पुस्तक दिसताच त्या अवस्थेतही त्याचे डोळे लकाकले.

"पुगागत्त्व?" कापसाच्या बोळ्यांमधून त्याने विचारलं.

"पुरातत्त्व. एम.ए.ची प्रवेश परीक्षा देतेय. आता बोलू नका."

तो गप्प झाला, पण भुवया बोलतच राहिल्या...

टाके काढायला आला तेव्हा कळलं – तो पुरातत्त्वातच संशोधन करत होता. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत फुटक्या मडक्यांचे तुकडे जुळवायचा. "रविवारी या, डॉक्टर. खापरं नुसती वाचून कळत नाहीत."

मी गेले. मग जातच राहिले. खापर चाकावर घडलंय की हाताने, हे तो माझं बोट धरून... म्हणजे, कडेवरून फिरवून दाखवायचा. हळूहळू 'अहो डॉक्टर'चं 'अगं' झालं.

आई मात्र धास्तावली होती. "चांगला चालता दवाखाना सोडून माती उकरणार?" प्रवेशाच्या मुलाखतीतही हेच विचारणार, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला तसं सांगितलं, तर त्याने उत्खननात सापडलेला एक जबडा समोर ठेवला. "काय दिसतं?"

मी तो उजेडात धरला. "बाई असावी, तिशीतली. डावे दात झिजलेत, उजवे नाहीत. उजव्या दाढेखाली गळू होतं... कित्येक वर्षं एकाच बाजूने जेवली बिचारी." मी जबडा अलगद खाली ठेवला. "हिचं दुखणं कुणी बघितलंच नसेल."

"तू बघितलंस की," तो हळूच म्हणाला. "हेच सांग त्यांना."

तेच सांगितलं. निवड झाल्याचं कळलं तशी थेट त्याच्याकडे धावले. तो पेट्या भरत होता – चार महिने उत्खननाला जायचं होतं. माझं तोंडच उतरलं.

"पहिल्या वर्षाचं शिबिर तिथेच असतं," माझ्याकडे न बघता तो म्हणाला.

"आणि तोवर?"

"तोवर... काय सांगू? सकाळपासून तुझाच विचार करतोय. सगळ्या पेट्यांवर चुकीची लेबलं लावलीत."

"मला तू आवडतोस," मी म्हणाले, इतकं सरळ की माझी मीच दचकले.

तो पेटीवरच बसला. "मी सकाळपासून हेच म्हणायची तयारी करत होतो गं."

मग आम्ही दोघांनी मिळून लेबलं बदलायला घेतली. काम तासाभराचं होतं. दिवे लागले तरी अर्ध्या पेट्या तशाच होत्या.