खोपोलीला पाठवायचा फोटो

स्टुडिओच्या दारात आलेला तरुण काउंटरमागे जनाला बघून तसाच मागे वळला.

“फोटो काढायचाय ना? या की आत,” जना म्हणाली.

“हो, पण... आबाजी नायत का?”

“बाबांचा हात थरथरतो आता. दोन वर्षं झाली, फोटो मीच काढते.”

तो पायरीवर घुटमळला. चौक गावाहून एसटीने आला होता, तरी शर्टाची इस्त्री अजून मोडली नव्हती. शेवटी चपला काढून आत आला आणि फरशीकडे बघत म्हणाला, की फोटो खोपोलीला पाठवायचाय. मुलीकडच्यांना. त्याला लहानाचा मोठा करणाऱ्या कोंडीआत्याने बजावून धाडलं होतं.

ही १९८२ सालची गोष्ट. भातं पिवळी पडायला लागली होती आणि दिवाळीनंतरच्या लग्नांसाठी कर्जत स्टेशनाजवळच्या त्या लहानशा स्टुडिओत असे फोटो रोज निघत. ताठ मान, रोखलेला श्वास, गुडघ्यांवर मुठी – जनाला ते सगळं पाठ होतं. पण हा तरुण, येसाजी, त्या सगळ्यांच्या वरताण आखडला होता. जनाने दोनदा दिवे हलवले, मान कलती करायला सांगितली, काही उपयोग झाला नाही.

मग तिला स्टुलाशेजारी ठेवलेल्या त्याच्या पिशवीतून डोकावणारा चामड्याचा पट्टा दिसला. ते काय आहे, असं तिने सहज विचारलं.

पट्टा कॅमेऱ्याचा होता, शिवून घ्यायला आणलेला. येसाजी रसायनीच्या एका कारखान्यात फिटर होता. तिथे यंत्रं बसवायला आलेल्या जपानी इंजिनियरने त्याला यंत्रांचे फोटो काढायला शिकवलं होतं. आता साहेब मायदेशी परतला होता आणि कारखान्याचा कॅमेरा येसाजीकडे आला होता. तो कॅमेऱ्याबद्दल बोलायला लागला आणि त्याच्या मुठी आपोआप सुटल्या. जना आपल्या जुन्या, तीन पायांच्या तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहून ऐकत होती. बोलता बोलता तो तिच्याकडे बघून हसला, आणि तिने कॅमेऱ्याला तारेने जोडलेलं हातातलं बटण दाबलं.

“काढला?” तो गोंधळला. “मी तयार नव्हतो.”

“म्हणूनच काढला.”

प्रिंट घ्यायला तो पुढच्या रविवारी आला, तेव्हा जनाने त्याच्यापुढे एक पत्र ठेवलं. तिचा मोठा भाऊ सदू कुवेतला होता. त्याने लिहिलं होतं, ‘इथे दुकानात जपानी कॅमेऱ्यांची रांगच आहे. निकॉन, कॅनन, पेन्टॅक्स, ऑलिंपस, मिनोल्टा. कुठला आणू ते नेमकं कळव.’ जनाला तो कॅमेरा फार हवा होता. गावोगावच्या बायका लग्नात तिलाच बोलवत, कारण बाप्या फोटोग्राफरपुढे त्यांचे चेहरे बंद होत. पण तिकाटण्यावरचं ते धूड घेऊन ती कुठे कुठे जाणार? जपानी कॅमेरा तर तिने कधी हातातही धरला नव्हता.

येसाजीने ते काम अगदी मनावर घेतलं. चार रविवार तो येत राहिला. आबाजी कोपऱ्यात जुन्या निगेटिव्ह लावत बसत आणि कान मात्र इकडेच ठेवत. साहेबाने सांगितलेलं सगळं येसाजी सांगायचा. ऑलिंपसवाल्यांनी आधी सूक्ष्मदर्शक बनवले होते, पेन्टॅक्सवाल्यांनी चष्म्याची भिंगं. कॅननचं पहिलं नाव म्हणे करुणेच्या देवीवरून ठेवलेलं.

“आणि मिनोल्टा?” जनाने विचारलं.

“पिकलेलं भातशेत. साहेब तसं सांगायचा.”

“थापा मारू नका.”

“थापा कशाला मारू? आमी दोघं माथेरानला चाललो होतो, त्याचा मिनोल्टा माझ्या गळ्यात होता. खाली नेरळची शेतं दाखवून म्हणाला, हे बघ, तुझ्या गळ्यात हेच हाय.”

जना हसली, आणि मग उगाचच काउंटर पुसत राहिली.

एका रविवारी तो परवानगी काढून कारखान्याचा निकॉन घेऊन आला. आबाजींसह तिघं उल्हास नदीच्या काठी गेले. कॅमेरा भक्कम होता. जनाच्या मनगटाला मात्र तो जड झाला. तिने डोळा लावला तर मधोमध एक छोटं वर्तुळ दिसलं आणि त्यात येसाजीचा चेहरा दोन तुकड्यांत फाकलेला.

“भिंग फिरवा. हळू... दोनी तुकडे जुळले की थांबा.”

तिने फिरवलं. कपाळ सरकत सरकत डोळ्यांवर आलं, नीट बसलं. तिने बटण दाबलं नाही.

“जुळले का?”

“जुळले.”

“मग?”

“बघतेय,” ती म्हणाली आणि कान तापलेले कळू नयेत म्हणून कॅमेरा तसाच तोंडापुढे धरून राहिली.

पुढच्या रविवारी तो आला तो बसलाच नाही. खोपोलीच्यांना फोटो फार आवडला होता. त्यांची मुलगी, बायजा, आता स्वतःचा फोटो काढून पाठवणार होती आणि मग सुपारी.

“छान झालं,” जना म्हणाली.

“तुमी फोटो चांगला काढलात.”

“माझं कामच आहे ते.”

तो दारापर्यंत गेला, वळला... काहीतरी म्हणेल असं वाटलं. पण त्याची एसटी आली.

त्याच दिवशी जनाने सदूदादाला लिहिलं, की मिनोल्टा आण. हातात हलका बसतो म्हणतात. दुसरं कारण तिने लिहिलं नाही.

नंतरचे दोन रविवार येसाजी आला नाही. आली ती बायजा, वहिनीला बरोबर घेऊन. खोपोलीत फोटोवाले नव्हते असं नाही, पण येसाजीचा फोटो जिथे निघाला तिथेच तिला काढायचा होता.

सावळी, तरतरीत मुलगी. स्टुलावर बसली तेव्हा दिव्याची तिरीप तिच्या नाकाची सावली ओठांवर पाडत होती. फोटो त्या सावलीसकट काढला असता तर कोणाला काही कळलं नसतं. जना क्षणभर तशीच उभी राहिली. मग जाऊन तिने दिवा सरकवला, बायजाची बट कानामागे सारली आणि आजवर कोणाचा काढला नव्हता इतका सुंदर फोटो काढला.

वहिनी बाहेर आबाजींशी बोलत होती. बायजा उठली नाही. तिने पर्समधून येसाजीचा फोटो काढला.

“ताई, हा काढताना तुम्ही कुठे उभ्या होता?”

“इथेच. कॅमेऱ्याच्या बाजूला.”

बायजाने एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, एकदा जनाकडे. “तेच म्हटलं. हे कॅमेऱ्यात बघतच नाहीयेत. जरासं बाजूला बघतायत.”

जना दिव्याची वायर गुंडाळायला लागली.

“माझ्याकडे कोणी असं बघितलं तर मला आवडेल,” बायजा शांतपणे म्हणाली. “दुसरीकडे बघणारा मात्र नको.” तिने तो फोटो काउंटरवर ठेवला. माझा फोटो चौकला पाठवू नका, आमच्या घरीच पाठवा, असं सांगून ती गेली.

त्यानंतरच्या रविवारी येसाजी दारात उभा राहिला. दोन दिवसांची दाढी, डोळे ओढलेले. आल्याआल्या त्याने सगळं सांगून टाकलं. शनिवारी तो एकटाच खोपोलीला गेला होता. लग्नाला नाही म्हणायला. चिठ्ठी पाठवणं त्याला बरं वाटलं नव्हतं. वाटेत शब्द घोकत गेला, ओसरीवर चढला, तर बायजाच्या वडिलांनीच आधी हात जोडले. पोरगी नको म्हणते, रागावू नका, म्हणाले. मग दोघांनी एकमेकांची माफी मागितली आणि चहा प्याले.

“तुम्ही का नाही म्हणायला गेलात?” जनाने विचारलं. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

“ते... मला इथं यायची सवय लागलीय. रविवारची.” तो थांबला. “नाय, रविवारचीच नाय. रोज कामावर असलो तरी मन इथंच असतं. तुमाला चालणार नसेल तर सांगा, मी परत येणार नाय.”

कोपऱ्यात आबाजींच्या हातातली निगेटिव्ह तशीच राहिली.

“आत्याबाई काय म्हणाल्या?”

“चिडली. मग म्हणाली, हिचा फोटो तरी आण बघायला. म्हणून... तुमचा एक फोटो मिळाला तर...”

“फोटो मी देणार नाही,” जना म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला.

“मी रोज लोकांचे चेहरे बरे करून पाठवते, मला माहितीय फोटोत काय काय लपतं. त्यांना म्हणावं, स्वतः या आणि मला बघा. हात रसायनाने डागलेत, तेही बघा. मग हो म्हणायचं की नाही ते ठरवा. माझं तर कधीच ठरलंय.”

येसाजी डोकं खाजवत, हळूच म्हणाला, “ती माझ्यासंगंच आलीय, बाहेर पायरीवर बसलीय. मघापासून.”

जनाने हात पुसले. डाग गेले नाहीत. पदर सारखा केला आणि बाबांकडे वळूनही न बघता ती दाराशी गेली.

“आत्या, उन्हात का बसलात? आत या ना.”