धनश्री सांगते, स्टेला लिहिते

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, मी रागावणार नाही.

ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. गेल्या मार्चमधली.

नेवाशाजवळचं एक कॉलेज. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरची घरघर, आत कॉम्प्युटर लॅबमध्ये बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा. त्या पोरांत माझी धाकटी बहीण होती... स्टेला.

मी शॅरन. झेडपीच्या शाळेत शिकवते. मम्मी गेली तेव्हा स्टेला इतकुशी होती. तिची वेणी मी घातली, तिच्या ओठांवरचं दूध मी पुसलं. तिनं शिकावं, पुण्याला नोकरीला लागावं... एवढंच मागत होते मी प्रभूकडे. दुसरं काही नाही.

पहिल्या वर्षी लॅबमध्ये मशिनं कमी आणि पोरं जास्त. एका मशिनवर दोघींनी बसायचं. स्टेलाच्या शेजारी आली धनश्री. तिसगावची, शेतकऱ्याची लेक. स्टेलाचा हात जलद, धनश्रीचं डोकं जलद.

मग ते आपसूकच ठरून गेलं. धनश्री सांगणार, स्टेला लिहिणार.

पुढे मशिनं वाढली. या दोघी काही सुट्या झाल्या नाहीत.

मी एकदा पाहिलंय त्यांना. जात्यावर बसल्यासारखी धनश्री प्रोग्रॅम सांगायची, अंग डोलवत...

“शून्यापासून निघ बाई, एकेक पाऊल टाक गं,
दहाची वेस आली की महिरप मीट...”

प्रोग्रॅममध्ये ते नक्षीचे कंस असतात ना, त्यांना ती महिरप म्हणायची. एक उघडली की दुसरी मिटायची, नाहीतर प्रोग्रॅम चालत नाही. स्टेला मिटायला विसरली की तिच्या पाठीत धपाटा बसायचा.

“मीट की गं सटवे! शिंगणापूर हाय व्हय हे, दारं उघडी टाकून झोपायला?”

अख्खी लॅब हसायची.

तीन वर्षांत एकीला लिहायला आलं नाही आणि दुसरीला सुचायला. कुणाच्याच ते ध्यानात आलं नाही. माझ्याही.

दिवाळीला धनश्री घरी गेली. ताप आला. पांढऱ्या पेशी उतरत गेल्या. नगरला नेईपर्यंत उशीर झाला होता.

स्टेला रडली नाही. कोरी स्क्रीन उघडून समोर बसायची... तासन् तास. एकही अक्षर नाही.

“ताई, मला काहीच येत नाही गं,” एकदा म्हणाली. “मी नुसती बोटं होते.”

मी म्हटलं, “वेडी आहेस का? अभ्यास कर, येईल.”

मग ती परीक्षा.

पुढचं मला तिच्या वर्गातल्या करणनं सांगितलं. तो तिच्या मागच्याच मशिनवर होता.

स्टेलानं स्लिप उचलली. प्रश्न वाचला. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बाहेरून आलेले परीक्षक दोनदा येऊन पाहून गेले... स्क्रीन कोरीच.

आणि लाईट गेली.

पंखे थांबले. यूपीएस दोनचार वेळा ओरडला आणि तोही बंद पडला. सगळे पडदे काळे. पोरांचा गलका झाला. परीक्षक म्हणाले, “शांत बसा, लाईट येईस्तोवर कुणी उठायचं नाही.”

सगळे गप्प झाले.

आणि मग ऐकू आलं...

टक. टक टक. टक.

मेलेल्या मशिनवर स्टेला लिहीत होती. मान डावीकडे कललेली. कुणी कानात सांगतंय आणि आपण ऐकतोय, तशी. ओठांवर हसू.

करण म्हणतो, “ताई, देवाशपथ, तिची पाठ एकदम दचकली. धपाटा बसल्यासारखी.”

लाईट आली. मशिनं हळूहळू जागी झाली. बाकीच्या पोरांचं होतं नव्हतं ते सगळं गेलं होतं.

स्टेलाच्या पडद्यावर अख्खा प्रोग्रॅम होता.

चालवला. चालला.

परीक्षा संपल्यावर लॅबचे शिपाई सहादेवमामा खुर्च्या लावत होते. परीक्षेला एका मशिनला एकच खुर्ची ठेवली होती. स्टेलाजवळ मात्र दोन निघाल्या. मामांनी दुसरी उचलायला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

“बाई, मार्चचं ऊन, समद्या खुर्च्या तव्यावानी,” ते मला म्हणाले. “आन ती एकच... माठाच्या पोटावानी गार.”

स्टेला फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. पुण्याच्या कंपनीचा होकार आला. मी पेढे वाटले. माझ्या हातांनी वाटले.

पण लिहिणं थांबलं नाही.

घरी माझ्या लॅपटॉपवर लिहू लागली. जेवण राहायचं, आंघोळ राहायची. मी करणला बोलावून ते दाखवलं. तो खाली खाली सरकवत गेला, आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

“ताई, हे चालणारच नाही. सगळ्या महिरपी नुसत्या उघडल्यात. मिटलेली एकही नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे याला शेवटच नाही.”

मी लॅपटॉप शाळेत नेऊन ठेवला.

त्या संध्याकाळी तिच्या खोलीतून आवाज आला...

टक. टक टक.

पाहिलं तर स्टेला पडलेली. बोटं चादरीवर चालत होती. मऊ, धुतलेल्या, सुती चादरीवर. आवाज मात्र कीबोर्डचा.

पास्टरसाहेब येऊन प्रार्थना करून गेले. नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळीनं ती झोपते. बोटं झोपत नाहीत. पुण्याला हजर व्हायची तारीख अशीच एक दिवस निघून गेली.

पावसाळ्याच्या तोंडाला धनश्रीची आई आली. लंकाबाई. कुणाकडून तरी कानावर गेलं असणार. दारात चपला काढल्या, पाणीसुद्धा मागितलं नाही, सरळ स्टेलाच्या उशाशी जाऊन बसली.

“पोरी, काय म्हंती गं ती?”

स्टेलानं डोळे उघडले नाहीत. बोलली ती... पण तो सूर स्टेलाचा नव्हता. डोलणारा, जात्यावरचा.

“शून्यापासून निघ बाई, एकेक पाऊल टाक गं...”

लंकाबाईनं पदर तोंडात कोंबला.

तेव्हापासून ती दर आठवड्याला येते. येताना कधी शेंगा, कधी मेथीची जुडी. स्टेलाच्या बोटांशी कान लावून बसते. वाचता येत नाही, त्यातलं काही कळत नाही. तरी ऐकते.

मी म्हटलं, “मावशी, हिला पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेणार आहे. हे थांबायला हवं.”

तिनं माझे पायच धरले.

“तिला गप करू नका, बाई. येकदा अग्नी दिलाय. परत न्हाई देववत.”

एकदा तर तिनं आपले दोन्ही हात स्टेलाच्या हातांखाली सारले. खुरप्यानं घट्टे पडलेले हात. “माझी घे की गं. माझी बोटं घे, माय.”

वाट पाहिली. बराच वेळ.

“माझ्याकडं न्हाई येत ती,” ती म्हणाली. “मला कुठं लिवता येतंय.”

पुण्याला मी अजून नेलेलं नाही.

स्टेलाच्या बोटांची टोकं आता फाटलीत. वजन इतकं उतरलंय की मी तिला एकटी उचलते, ती लहान असताना उचलायचे तशी. काल दुपारी तिच्या बोटांना मलम लावत होते. लंकाबाई शेजारी शेंगा फोडत बसली होती.

“बाई, तुमी शाळंत कंप्यूटरवर लिवता न्हवं?”

“हो. का?”

“मंग चार दिस तुमी बसा की तिच्यापाशी. ह्या पोरीला इसावा व्हईल... आन माझी बोलत ऱ्हाईल.”

आडावर घागरीला हात लावा म्हणावं, इतक्या साधेपणानं म्हणाली.

आणि स्टेलाची बोटं थांबली.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं. स्टेलानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही...

माझ्या हातांकडे.

लंकाबाई शेंग हातात धरून तशीच बसून होती. सगळे माझ्या उत्तराची वाट पाहत होते. सगळे म्हणजे किती जण, ते मला विचारू नका.

मी नाही म्हणाले नाही.

अजूनही म्हटलेलं नाही.